मदत हवी आहे : हयातीच्या दाखल्याच्या नावाने बाबांना फोन आला, ४८,५०० गेले

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत, आम्ही जेलरोडला राहतो. परवा दुपारी जेवून जरा आडवे झाले तोच फोन. "बँकेच्या पेन्शन विभागातून बोलतोय, तुमचा हयातीचा दाखला रिजेक्ट झालाय, आज भरला नाही तर पेन्शन थांबेल." नोव्हेंबर असल्याने दाखल्याचा विषय डोक्यात होताच, त्यात समोरच्याने पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक) बरोब्बर सांगितला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचा लोगो असलेली एपीके फाईल (थेट अ‍ॅप बसवणारी) आली. बाबा 'अलाऊ', 'अलाऊ' दाबत गेले, डेबिट कार्डाची माहितीही भरली. ओटीपी कुणालाच सांगितला नाही म्हणतात, आणि ते खरं असावं, कारण अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी दिलेली दिसतेय.

पैसे दोनदा कापले गेले. बाबांनी तासभर कुणाला सांगितलंच नाही, नुसते गॅलरीत बसून होते म्हणे. आईने मला सातपूरला कंपनीत फोन केला, मी तिथूनच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावला. तक्रार क्रमांक मिळाला, कार्ड आणि नेटबँकिंग ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो तर काउंटरवर उत्तर, "ओटीपी तुमच्याच फोनवर आला होता ना? मग आम्ही काय करणार?" अर्जाची पोच द्यायलाही खळखळ.

बँक असे हात वर करू शकते का? आणि फोनचं काय करू? त्या अ‍ॅपचं चिन्हच गायब झालंय.

गोदाकाठ : आधी फोन! सिम काढून साध्या बटणवाल्या फोनमध्ये टाका, वायफाय बंद करा. चिन्ह लपवतात, पण सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत बहुतेक वेळा सापडतं. नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका, फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. त्याआधी त्या चॅटचे आणि नंबराचे स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांना लागतील. कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवणं) लावलेलं असू शकतं, ##००२# डायल करून सगळं रद्द करा. पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

पासबुक : अशा फसवणुकीत नुकसान कुणाचं याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम वाचा, मूळ परिपत्रक जुलै २०१७ चं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. तुम्ही बँकेला कळवल्यानंतर पैसे गेले तर ते नुकसान बँकेचं. आधी गेलेल्यांबाबत मात्र फार आशा दाखवत नाही, कार्डाची माहिती बाबांनी स्वतः भरलीय, बँक तिथेच बोट ठेवणार. तरी लेखी तक्रार ईमेलने करा, म्हणजे पोचेची भानगडच नको. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट असते. १९३० मुळे समोरच्या खात्यात काही रक्कम गोठली का, ते सायबर पोलीस ठाण्यात विचारा. गोठली असेल तर ती परत मिळू शकते.

धागाकर्ता : आभार दोघांचे. अ‍ॅप यादीत सापडलं, नाव चक्क 'सर्व्हिस'. ईमेल पाठवला. आज सकाळी परत फोन, आता म्हणे गेलेले पैसे रिफंड करायचेत, त्यासाठी आधी ९९९ भरा. बाबांनी काही न बोलता फोन आईकडे दिला. आईने काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.