पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी बेताच्या किमतीची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन कोणती घ्यावी?

प्रश्न

माझा शिकारीचा परवाना तयार आहे आणि येत्या हंगामात बदके व हंस यांच्या शिकारीला जाण्याचा विचार आहे. आतापर्यंत मी दुनळी बंदूकच वापरली, त्यामुळे सेमी-ऑटोमॅटिकचा अनुभव जवळजवळ नाही. बारा बोअरची, चिखल-पाण्यात आणि कडाक्याच्या थंडीत दगा न देणारी, पण खिशाला फार ताण न देणारी बंदूक हवी आहे. गॅसवर चालणारी घ्यावी की इनर्शिया पद्धतीची, याबद्दल दुकानदारांची मते परस्परविरोधी आहेत. शिवाय साडेतीन इंची चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) खरोखर लागते का, की तीन इंची पुरेसे आहे, हेही कृपया सांगावे.

पहिले उत्तर

चेंबरचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. तीन इंची चेंबर पुरेसे आहे. तीन इंची काडतुसात साधारण 35 ग्रॅम पोलादी छर्रे मावतात आणि योग्य अंतरावरच्या बदकालाच नव्हे, तर हंसालाही तेवढे पुरतात. साडेतीन इंची काडतुसात छर्रे थोडे अधिक असतात खरे, पण खांद्याला बसणारा धक्का बराच वाढतो आणि काडतुसेही महाग पडतात. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळा मिटू लागला, तर त्या जादा छर्‍यांचा काहीच उपयोग नाही.

आता यंत्रणेविषयी. गॅसच्या बंदुकीत बार उडाल्यावर नळीतला थोडा वायू छिद्रांवाटे पिस्टनवर येतो आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, मागे ढकलतो. त्यामुळे धक्का काहीसा पसरून बसतो आणि हलकी काडतुसेही सहसा नीट चालतात. मात्र पिस्टनवर काजळी धरते आणि ती वेळच्या वेळी काढावी लागते. इनर्शिया पद्धतीत वायूचा संबंध नसतो. बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग क्षणभर जागीच राहतो, त्यामुळे आतली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पुढच्या क्षणी बोल्ट मागे फेकून रिकामी पुंगळी बाहेर टाकते. भाग कमी, काजळी कमी, म्हणून दलदलीत जाणारे अनेक जण हिलाच पसंती देतात. पण धक्का सरळ खांद्यावर येतो, आणि फार हलके काडतूस वापरले किंवा बंदूक खांद्याशी घट्ट धरली नाही, तर यंत्रणेचे चक्र अर्धवट राहू शकते.

बेताच्या किमतीत इनर्शियाच्या बाजूने स्टोगर एम3000 आणि फ्रँकी अ‍ॅफिनिटी 3, तर गॅसच्या बाजूने बेरेटा ए300 अल्टिमा, विंचेस्टर एसएक्स4 आणि मॉसबर्ग 940 या बंदुका पाहाव्यात. यांत स्टोगर बहुधा सर्वांत स्वस्त पडते. अ‍ॅफिनिटी हलकी आहे आणि तिची रिकॉइल स्प्रिंग (बोल्ट पुन्हा पुढे आणणारी) दस्त्यात नसून, जादा काडतुसे राहतात त्या मॅगझिनच्या नळीभोवती असते, त्यामुळे पाणी शिरले तरी ती सहज काढून पुसता येते. दस्त्यातल्या स्प्रिंगपर्यंत पोहोचणे त्या मानाने कटकटीचे असते आणि तिथला गंज लवकर लक्षात येत नाही. धक्का सोसत नसेल तर माझे मत नि:संशय ए300 अल्टिमाच्या बाजूने आहे.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु बंदूक अंगाला बसते की नाही याचा उल्लेख राहिला आणि तीच बाब मला यंत्रणेपेक्षा महत्त्वाची वाटते. हंगामात जो जाड कोट घालणार तोच घालून दुकानात जावे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला नळी ठेवून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी सरळ दिसून तिच्या टोकाला नेम धरण्याचा मणी नेमका बसला, तर बंदूक आपली. पट्टी फार उंचावरून दिसत असेल किंवा मण्यापर्यंत नजरच पोहोचत नसेल, तर दस्त्याचा उतार बदलायला हवा. त्यासाठी बर्‍याच बंदुकांसोबत पातळ चकत्या मिळतात. त्या सोबत आहेत का, हे विचारून घ्यावे. आपण डावखुरे असाल तर पुंगळी तोंडासमोरून उजवीकडे उडेल, म्हणून डाव्या हाताची आवृत्ती उपलब्ध आहे का तेही पाहावे.

दुसरी गोष्ट छर्‍यांची. अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत सर्वत्र शिशाच्या छर्‍यांना बंदी आहे आणि युरोपीय संघातही फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागी ते चालत नाहीत, कारण पक्षी तळाशी पडलेले छर्रे खड्यांसारखे गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलाद शिशापेक्षा हलके असल्यामुळे त्याचा वेग लवकर ओसरतो. म्हणून शिशात 4 नंबर वापरत असाल तर पोलादात 2 नंबर घ्यावा (नंबर जितका लहान, छर्रा तितका मोठा) आणि हंसांसाठी त्याहून मोठा बीबी. चोक (नळीचे तोंड अरुंद करणारा भाग) मात्र फुल, म्हणजे फार अरुंद, न लावता मॉडिफाइड, म्हणजे मध्यम, लावावा, कारण कठीण छर्रे दबत नाहीत आणि अरुंद तोंडातून त्यांचा फेर, म्हणजे फैलाव, बिघडू शकतो. खर्च वाचवायचा असेल तर तो बंदुकीच्या रंगात वाचवा. उरलेल्या पैशांतून दोन-तीन प्रकारची काडतुसे आणून 40 यार्डांवर कागद लावा आणि 30 इंची वर्तुळात किती छर्रे पडतात ते मोजा. एकाच चोकमधून दोन कंपन्यांच्या काडतुसांचे फेर किती वेगळे पडतात, हे कागदावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चकत्यांची बाब मला ठाऊकच नव्हती. माझा कल आता इनर्शियाकडे झुकतो आहे. परंतु या बंदुकांत कधी कधी चाप ओढल्यावर नुसताच खटका वाजतो, असे ऐकले आहे. हा दोष गंभीर आहे का?

पहिले उत्तर देणारे

तो बिघाड नव्हे, या रचनेचा गुणधर्म आहे. पक्षी बिचकू नयेत म्हणून आडोशात बसल्यावर आपण बोल्ट हाताने हळूच पुढे सोडतो. तेव्हा बोल्टचे फिरते डोके पूर्ण वळून अडकत नाही आणि चाप ओढल्यावर बार उडत नाही. बंदूक आपटली तरी असे होऊ शकते. उपाय एवढाच की बोल्ट नेहमी पूर्ण जोराने सुटू द्यावा आणि नंतर अंगठ्याने हँडल पुढे रेटून पाहावे. थंडीत तेलही अगदी पातळ आणि बेताचेच लावावे, कारण घट्ट तेल गोठले की बोल्ट संथ होतो. चिखलातून चालून आल्यावर किंवा घसरून पडल्यावर बंदूक रिकामी करून नळीत माती वा बर्फ गेलेले नाही ना, हे पाहिल्याखेरीज काडतूस भरू नये.

मॅगझिनमध्ये जादा काडतुसे भरू न देणारी अटकावाची काठीही विसरू नका. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसे चालतात आणि युरोपातही मॅगझिनमध्ये दोनहून अधिक चालत नाहीत. ही काठी बहुधा खोक्यातच मिळते. ती बसवल्यावर चेंबरमध्ये एक आणि मॅगझिनमध्ये दोनच डमी काडतुसे मावतात ना, हे घरीच तपासून घ्यावे.