शेवटा माशाच्या अंगावर लाल जखमा, कसला रोग?

आमच्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, जाळ्यात आलेल्या शेवट्यांच्या अंगावर लाल चट्टे आहेत, एकाचं तर मांस कुजून खड्डाच पडलाय. पाऊस जोरात सुरू झाल्यापासून दिसतंय. कारखान्याचं पाणी असेल का?

> लक्षणं ईयूएसची (माशांच्या अंगावर जखमा पाडणारा साथीचा रोग) वाटतात, बुरशीसारख्या अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स या जिवामुळे होतो. जपानात 1971 साली दिसला, भारतात 1988 ला आला. पावसाने पाण्याचा खारटपणा उतरला की याचे बीजाणू पोहत येतात आणि खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात, त्यामुळे लगेच कारखान्यावर ढकलू नका

> आणि खाजनाची माती आम्लधर्मी असली तर पावसात ते आम्ल पाण्यात उतरून कातडी सोलवटते, ऑस्ट्रेलियात हा संबंध सापडलाय. आधी पाण्याचा पीएच (आम्लपणा) बघा, मग आम्ल मारायला चुना टाकायचं बोला

> माणसाला लागत नाही, पण जखमवालं बाजारात नेऊ नका बाबा. ताजा मासा बर्फात घालून जुन्या गोव्यात एला इथे आयसीएआरवाल्यांना (केंद्राची शेती संशोधन संस्था) दाखवा