अनुभव धागा : कार्पसाठी गळ, काठावरचा मुक्काम आणि सामानाची निवड

नमस्कार. मागच्या मुक्कामाहून परतल्यावर मी सगळे सामान जमिनीवर पसरले आणि दोन रात्रींत ज्या वस्तूला हातही लागला नव्हता, ती डावीकडे ठेवत गेलो. डावीकडचा ढीग उजवीकडच्या ढिगाहून मोठा झाला. त्यात तीन दिवे होते, एक घडीचे टेबल होते आणि आमिषाला लावायच्या सुगंधी अर्काच्या सात बाटल्या होत्या. ज्या एका वस्तूवाचून खरोखर अडले होते ती मात्र कोणत्याच ढिगात नव्हती, कारण ती मी नेलीच नव्हती. पहाटे चांगला आठ-नऊ किलोचा मासा हातजाळ्यात आला आणि त्याला ठेवायला गादी नसल्यामुळे मला माझी झोपायची फोमची चटई पाण्यात बुडवून त्याच्याखाली अंथरावी लागली. मासा सुखरूप परत गेला. दुसऱ्या रात्री त्या ओल्या, बुळबुळीत चटईवर मी झोपलो.

हा धागा त्या चटईच्या निमित्ताने काढत आहे. आपण कोणते सामान कशासाठी निवडले, ते काठावर कसे वागले आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर काय बदलाल, हे सविस्तर लिहावे ही विनंती. कंपन्यांची नावे टाळली तर बरे, मॉडेले दोन वर्षांत बदलतात. कार्प म्हणजे येथे सायप्रिनस आणि त्याचाच तुरळक खवल्यांचा भाऊबंद मिरर कार्प. आणि मासेमारी म्हणजे गळाने धरून पुन्हा पाण्यात सोडण्याची.

प्रतिसाद : काठीवेडा

माझी पहिली काठी १२ फुटी आणि ३.५ पौंड टेस्ट कर्व्हची होती. नवख्यांसाठी सांगतो, काठी आडवी धरून तिच्या टोकाला जेवढे वजन लावल्यावर टोक मुठीशी काटकोनात वळते, तेवढा त्या काठीचा टेस्ट कर्व्ह. दर पौंडामागे साधारण एक औंस वजन ती आरामात फेकते, म्हणून ३ पौंडांच्या काठीने ३ औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम शिशाचे वजन फेकता येते, असा ढोबळ हिशोब आहे. मी ताठ काठी घेतली ती लांब फेकता यावे म्हणून. आणि मी ज्या पाण्यावर बसत असे तेथे मासे काठापासून तीस-चाळीस पावलांवर, लव्हाळ्याच्या कडेने चरत असत.

परिणाम असा झाला की पहिल्या हंगामात गळाला लागलेले पाच मासे अगदी पायाशी येऊन सुटले. मासा काठाजवळ आला की दोरी आखूड झालेली असते, तिचा ताण शोषून घेण्याची क्षमता कमी झालेली असते आणि अशा वेळी त्याने शेवटची मुसंडी मारली की धक्का काठीने गिळायला हवा. ताठ काठी तो गिळत नाही. गळ ओठातून फाटून निघतो, आणि इजा होते ती माशाला. आता मी २.७५ पौंडांच्या, मुठीपर्यंत वाकणाऱ्या काठ्या वापरतो. रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली इंग्लंडमधील रेडमायर पूल येथे ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोचा कार्प धरला, तो बांबूच्या चिपा चिकटवून बनवलेल्या १० फुटी काठीवर, आणि त्या काठीचा टेस्ट कर्व्ह दीड पौंडाच्या आसपास होता. शंभर मीटरांवर आमिष टाकायचेच असेल तर ताठ काठीला पर्याय नाही हे मान्य. पण आधी पाणी पाहावे आणि मग काठी निवडावी.

एक अवांतर : काठी कार्बन फायबरची असेल तर तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली काठी उभी करू नये, आणि ढग गडगडू लागले की ती आडवी ठेवून तिच्यापासून दूर व्हावे.

प्रतिसाद : सैलदोर

माझा अनुभव चार ओळींचा आहे. रिळाचा क्लच, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती ताणाने सुटावी हे ठरवणारा भाग, घट्ट आवळलेला ठेवून मी पाण्याची बाटली भरायला वीस पावले गेलो, मागे वळून पाहिले तेव्हा काठी आधारावरून उचलली जाऊन पाण्यात सरकत होती, आणि मी धावत पोहोचेपर्यंत मूठ बुडाली होती. दुसऱ्या काठीने गळ टाकून ती दीड तासाने ओढून काढली. मासा गेला होता, रीळ गाळाने भरले होते. तेव्हापासून मी मागे स्वतंत्र खटका असलेले रीळ वापरतो. खटका दाबला की चकरी सैल फिरते आणि मासा दोरी घेऊन पळू शकतो. रिळाची मूठ फिरवली की मूळ क्लच पुन्हा लागतो. हे रीळ नसेल तर क्लच इतका सैल ठेवावा की हाताने ओढल्यावर दोरी सहज सुटावी.

प्रतिसाद : तळठाव

काठी आणि रीळ यांवर पुष्कळ लिहिले जाते, पण माशाच्या तोंडाजवळचा वीतभर भाग हाच माझ्या मते निवडीचा गाभा आहे. कार्प तळावरचे खाणे चोखून आत घेतो, नको असलेले फुंकून बाहेर टाकतो, आणि त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात. आमिष थेट गळात रुतवले की ते जड आणि अडखळते होते, आणि शहाणा मासा ते तोंडात घेऊन लगेच टाकून देतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळाच्या बाहेर, केसाइतक्या बारीक धाग्याला लटकवण्याची रचना काढली, आणि ती हेअर रिग या नावाने रूढ झाली. गळ उघडा राहतो, आमिष मोकळे राहते, आणि मासा फुंकू लागला की गळाचे टोक खालच्या ओठात वळते.

ही रचना मी पहिल्यांदा बांधली तेव्हा केस फार लांब ठेवला. आमिष गळाच्या बाकापासून बोटभर दूर लोंबत होते, रात्रभर टकटक होत राहिली आणि सकाळी आमिषाच्या गोळ्या अर्धवट कुरतडलेल्या मिळाल्या. नंतर घरी काचेच्या भांड्यात पाणी भरून, तळहातावर रिग ओढून पाहताना लक्षात आले की गोळी आणि गळाचा बाक यांमध्ये चार-पाच मिलिमीटर अंतर पुरते. ते अंतर मी आता काडेपेटीतल्या काडीच्या जाडीने मोजतो; दोन काड्या बसल्या की झाले.

दोरीबद्दल दोन गोष्टी. मी १२ ते १५ पौंड ताकदीची साधी नायलॉन दोरी वापरतो. ती ताणली जाते, आणि हा ताणच माशाचा धक्का सोसतो. मात्र नायलॉन पाणी शोषते, उन्हाने झिजते, आणि कोरडी गाठ आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तेथेच कमजोर होते, म्हणून गाठ थुंकीने ओली करून सावकाश आवळावी. विणलेली दोरी ताणली जात नाही, त्यामुळे दूरवरची हालचाल चटकन कळते, पण माशाच्या अंगावर ती करवतीसारखी घासते. शेवाळ दाट असल्याशिवाय मी ती काढत नाही.

आणि शिसे. दोरी तुटलीच तर शिसे माशापासून सुटले पाहिजे, ही अट मी कोणत्याही सोयीसाठी मोडत नाही. एकदा दुसऱ्या कोणाची तुटलेली दोरी ओढत फिरणारा मासा माझ्या जाळ्यात आला. त्याच्या मागे भोवरकडीला पक्के बांधलेले ११० ग्रॅमचे शिसे होते आणि ओठाचा कोपरा सुजून पांढरा पडला होता. शिसे अडकवायची सुटणारी प्लास्टिकची क्लिप रबरी नळीत फार खोल रुतवली तर तीही सुटत नाही. टाकण्यापूर्वी शिसे बोटाने ओढून निघते का हे दर वेळी पाहावे.

प्रतिसाद : पाणकणीस

मी मुक्कामाविषयी लिहिते. तंबू निवडताना मी कापडाचा जलरोधक आकडाच तेवढा पाहिला होता. हा आकडा मिलिमीटरमध्ये असतो आणि कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केल्यावर ते पाझरू लागते हे तो सांगतो. माझ्या तंबूचा आकडा ५००० होता, पाऊस पडला नव्हता, आणि तरी पहाटे छताखालून थेंब माझ्या कपाळावर पडत होते. तंबू गळतो आहे अशी माझी खात्री झाली. प्रत्यक्षात ती माझ्याच श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ होती, जी पाण्याकाठच्या गार हवेत एकेरी छताला आतून धरली होती. आता तंबूला आतून दुसरे सुटे आवरण आहे, मागची जाळीची खिडकी मी थंडीतही चार बोटे उघडी ठेवते, आणि ओले बूट-जाकीट बाहेरच्या पडवीत राहतात. जमिनीच्या कापडाचा आकडा मात्र छताहून जास्त हवा, कारण गुडघा टेकला की त्या एवढ्याशा जागेवर मोठा दाब येतो.

थंडी वरून लागते असे मी समजत होते. जाड स्लीपिंग बॅग घेऊन मी खाटेवर झोपले आणि पाठ मध्यरात्री गारठली. अंगाच्या वजनाने खालची रुई चेपली जाते, तिच्यात हवा उरत नाही, आणि खाटेखालून वारा फिरत असतो. दीड सेंटिमीटर फोमची चटई खाटेवर टाकल्यावर तीच बॅग पुरली. बॅगेवर दोन तापमाने छापलेली असतात, आरामाचे आणि मर्यादेचे. मर्यादेचा आकडा अंग आकसून रात्र काढणाऱ्या प्रमाण पुरुषाचा असतो, म्हणून मी आरामाचा आकडाच धरते. (धागाकर्त्यांनी चटई माशाला दिली हे वाचून त्यांच्या पाठीची काळजी वाटली.)

मेखांबद्दल थोडेसे. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक सळया मऊ मातीत बऱ्या, पण वाळूत त्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. स्क्रूसारख्या फिरवून रोवायच्या मेखा जड असल्या तरी मी त्याच नेते. तणाव्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात. अंधारात मासा लागल्याचा अलार्म वाजल्यावर अनवाणी धावताना तणाव्यात पाय अडकून मी सपाट पडले आहे, तेही नुकताच पाऊस होऊन गेलेल्या काठावर.

प्रतिसाद : रातकिडा

अलार्मशिवाय मासेमारी करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण मला झोप लागते. दोरी ज्या लहान चाकावरून जाते ते फिरले की अलार्म वाजतो, एवढेच त्याचे तत्त्व. मी सुरुवातीला संवेदनशीलता सर्वात वर ठेवली आणि वाऱ्याने हलणाऱ्या दोरीने रात्रभर जागवले. चौथ्या रात्री त्रासून आवाज बंद केला, आणि त्याच रात्री मासा लागला. आता संवेदनशीलता मधली असते, आणि दोरीवर लोंबते वजनही टांगलेले असते. मासा काठाकडे पोहत आला तर दोरी ताणली न जाता सैल पडते. अशा वेळी अलार्म जेमतेम एक-दोनदा किंचाळतो, पण ते वजन खाली घसरलेले स्पष्ट दिसते.

दुसरा अनुभव सामानाचाच आहे, पण वेगळ्या जातीचा. पावसात मी तंबूची चेन लावून आत स्टोव्ह पेटवला. पाऊण तासाने डोके जड झाले, मळमळू लागले, आणि मला ते थकव्याचे वाटले. सोबत्याने बाहेरून हाक मारली तेव्हा माझे उत्तर अडखळते आले. त्याने चेन उघडून मला दंडाला धरून बाहेर ओढले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. विझत आलेले निखारेही तो सोडत राहतात, म्हणून शेगडी 'शांत झाली' म्हणून उबेसाठी आत घेणेही तितकेच घातक आहे. तेव्हापासून स्टोव्ह बाहेर, छत्रीखाली असतो. या वायूचा बॅटरीवर चालणारा सूचक तंबूत टांगलेला असतो, आणि सामान कमी करताना तो वगळायच्या ढिगात जात नाही.

प्रतिसाद : ओलाहात

धागाकर्त्यांच्या चटईकडे परत येतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे कवच आहे, आणि कोरडी गादी, कोरडे हात, गवत, वाळू या सर्व गोष्टी ते ओरखडून काढतात. म्हणून गादी निवडताना कडा उभ्या असलेली, पाळण्यासारखी घ्यावी, म्हणजे उसळी मारणारा मासा बाहेर पडत नाही. उन्हात काळी गादी किती तापते हे मी एकदा तळहात टेकून पाहिले आणि हात लगेच मागे घेतला. मासा जाळ्यात पाण्यातच ठेवावा, गादीवर बादलीभर पाणी ओतावे, चिमटा आणि वजनकाटा हाताशी ठेवावा, आणि मगच मासा उचलावा. फोटोसाठी उभे राहू नये. गुडघ्यावर बसून, गादीच्या वरच, जमिनीपासून हातभर उंचीवर मासा धरावा. घसरलाच तर गादीवर पडतो.

हातजाळ्याचे तोंड ४२ इंची घेतले तेव्हा ते मला अवाढव्य वाटले होते. पहिला मोठा मासा जेव्हा शेपटीसकट त्यात मावला तेव्हा ते योग्य वाटले. जाळी मऊ आणि बारीक विणीची हवी. मोठ्या चौकोनांत पर अडकून फाटतात.

एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जाताना जाळे, गादी आणि वजनाची पिशवी पूर्ण वाळवून न्यावी. ओल्या जाळ्यातून माशांचे रोग प्रवास करतात. कोइ हर्पिस विषाणूने तर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कार्पचे थवेच्या थवे मारले आहेत. मी घाईत एकदा ओले जाळे पिशवीत कोंबून दहा दिवस विसरलो होतो. पिशवी उघडल्यावर आलेला वास शब्दांत लिहीत नाही. आता दोरीवर उन्हात दोन दिवस टांगल्याशिवाय ते आत जात नाही.

वजन करायचे असेल तर पिशवी आधी ओली करून, रिकामी काट्याला लावून काटा शून्यावर आणावा. कोरड्या पिशवीवर शून्य केले तर तिने शोषलेले पाणी माशाच्या वजनात धरले जाते. माझ्या वहीतल्या पहिल्या तीन नोंदी अशाच अर्ध्या किलोने फुगलेल्या आहेत, आणि त्या मी खोडलेल्या नाहीत.