हस्ताचा हत्ती आणि कंदीलवाला म्हातारा : कन्येच्या महिन्यात तुम्हाला काय सुचलं?

गणपती गेले की आमच्या घरी दोन गोष्टी उरतात. फ्रिजमधलं खोबरं, आणि दिवाळी अंकाला कबूल करून बसलेली, एक ओळही न लिहिलेली कथा. संपादकांचा फोन बरोब्बर पितृपक्षात येतो. "होत आलीय" हे माझं ठरलेलं उत्तर.

मागच्या वर्षी भाची तिचा टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रपत्त्यांचा, कॅट माझ्याकडे विसरली. ७८ पानं, आपल्या रमीच्या पत्त्यांपेक्षा लांबट. रात्री अकराला वैतागून पिसला आणि एक पान काढलं. बर्फाच्या सुळक्यावर उभा दाढीवाला म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील, कंदिलात सहा टोकांची चांदणी. 'द हर्मिट'. भाचीला फोटो पाठवला तर ती उडालीच. मावशी, हे कन्येचंच पान, आणि सूर्य आत्ता कन्येत! मला त्यात चमत्कार दिसला नाही. ७८ मधून एक काहीतरी निघणारच होतं. पण माझ्या कथेतला निवृत्त पोस्टमन दोन महिने खुर्चीतून उठायला तयार नव्हता. त्याच्या हातात कंदील दिला आणि तो उठला. लाइट गेलेल्या गावात, वाटायचं राहून गेलेलं एक पत्र घेऊन निघाला. कथा चार दिवसांत झाली.

पुढे वाचताना कळलं की पंधराव्या शतकातल्या इटालियन पानावर या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाही, वाळूचं घड्याळ आहे. ते पान निघालं असतं तर पोस्टमन बसूनच राहिला असता, आणखी म्हातारा होत.

तर विचारायचं ते हे. राशी, नक्षत्रं, पत्रिका, टॅरो, यातलं काही तुमच्या लिहिण्या-गाण्या-शिवण्याच्या कामी आलंय का? शक्यतो याच महिन्यातलं सांगा. भविष्य खरं ठरलं का, ते नको. हाताने काय केलंत ते हवं. काहींना मी फोन करून मुद्दाम लिहायला लावलंय, ते आधी.

तासगाव, द्राक्षबागायतदार
ताई, तुम्ही म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर आपण कविता कुणाला दाखवत नाही. पोरीनं मोबाइलवर पान दाखवलं, 'नाइन ऑफ पेंटॅकल्स'. भरजरी झग्यातली बाई बागेत उभी, मागं द्राक्षाचे घड, आणि हातावर ससाणा, त्याच्या डोळ्यावर टोपडं. पोरगी म्हणाली, पप्पा, ही कन्येची बाई, आपल्याच बागेत आलीय. मी म्हटलं, चुकीच्या टायमाला आलीय. कन्येत सूर्य म्हणजे आमच्याकडं गोडी छाटणी. घड कुठले, नुसत्या उघड्या काड्या. माणसं काडीच्या डोळ्यांवर पेस्ट लावत फिरतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हे बोलता बोलता मीच थांबलो. तिकडं पाखराचे डोळे झाकलेले, इकडं काडीचे डोळे फुटायची वाट. बांधावर बसून अकरा ओळी लिहिल्या. औषधाच्या बिलाच्या मागच्या बाजूला. बिल दुकानदाराला दाखवायचं होतं, तसंच दाखवलं. त्यानं वाचलं आणि काही बोलला नाही.

पुणे, चाली लावणारा
ज्योतिष खोटं आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आपल्याच राज्यात चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या पत्रिका, त्यातली १०० हुशार आणि १०० गतिमंद. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगायचं होतं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

पण मला नाणंच हवं होतं. कोणत्याही कवितेला चाल लावायला बसलो की माझा हात यमन रागातच जातो. वीस वर्षं हेच चाललंय. मग लक्षात आलं, पत्रिकेत घरं बारा आणि सप्तकात स्वर बारा. पहिल्या घरात सा, दुसऱ्यात कोमल रे, असं बाराव्या घरातल्या शुद्ध नीपर्यंत भरत गेलो. नियम एकच, ज्या घरात ग्रह आहे तोच स्वर वापरायचा. माझे नऊ ग्रह सहाच घरांत दाटीवाटीने बसलेत, १, २, ५, ७, १० आणि १२. म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी. गाणाऱ्यांना कळलं असेलच. मारवा रागाचे स्वर! आठवं घर रिकामं, म्हणून पंचम नाही. आईला आठवं रिकामं याचाच आनंद, ते मृत्युस्थान ना. मला मात्र पंचमाशिवाय टेकायला जागाच उरली नाही. चाल तीन आठवडे छळत होती, पण यमन सुटला. आता मित्रमंडळींच्या पत्रिका मागत असतो. लोकांना वाटतं हा सुधारला.

ठाणे, रांगोळी आणि भरतकाम
पितृपक्षातली गोष्ट. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पानं मांडली होती आणि सासूबाई चहा घ्यायला आल्या. नेमकं वर 'डेथ'. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा. घरात श्राद्धाची तयारी, आणि हे! मी पान झाकायच्या आत त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "याच्या झेंड्यावर फूल का गं?" मी सहा वर्षं हा कॅट वापरतेय, मला ते फूल कधी दिसलं नव्हतं. काळ्या झेंड्यावर पांढरा, पाच पाकळ्यांचा गुलाब. "आणि ते पोर बघ, घाबरलेलं नाही," हेही त्यांनीच दाखवलं.

त्या नवरात्रात काळ्या खणावर तेच पाच पाकळ्यांचं फूल पांढऱ्या दोऱ्याने भरलं. सासूबाईंनी टाका दोनदा उसवायला लावला. ही चित्रं काढणारी पामेला कोलमन स्मिथ, १९०९ सालचं काम, प्रत्येक पानावर तिची छोटी वळणदार सही आहे. सासूबाईंनी भरतकामावर आमच्या दोघींची सही घालायला लावली, तिच्यासारखीच, कोपऱ्यात.

नाव नको, गाव नको
सगळे चांगलं लिहिताहेत, मी वेगळं सांगते. कादंबरीचं पुढचं प्रकरण सुचावं म्हणून एक पान काढायचे. आवडलं नाही की दुसरं. मग तिसरं. एका रात्री एकेचाळीस पानं काढली आणि शब्द शून्य. मग एक महागडा वर्गही केला. तिथे कळलं की माझी वेळ चांगली नाही, उपाय वेगळा, त्याचे पैसे वेगळे. कॅट आता माळ्यावर आहे. कादंबरी अजून सातव्या प्रकरणातच आहे, पण आज सकाळी दोन पानं लिहिली. पत्त्यांची नव्हेत, वहीची.

(ताई, थँक्यू. हे इथे यायलाच हवं होतं.)

न्यू जर्सी
एक शंका. इथे सगळे २३ ऑगस्टपासूनच कन्येचा महिना धरतात. आईचं पंचांग म्हणतं १७ सप्टेंबर. मी कुठल्या महिन्यात कविता करू?

(तिकडची ती सायन, ऋतूंवरून मोजलेली; आईच्या पंचांगाची ती निरयन, ताऱ्यांवरून मोजलेली. दोन्हींत साधारण २४ अंशांचा फरक आहे. पुणेकर नंतर फोनवर म्हणाले की प्रत्यक्ष आकाशातल्या कन्येत सूर्य दीड महिना रेंगाळतो. तेव्हा ऑगस्टमध्ये सुरू करा आणि ऑक्टोबरअखेर संपवा, मुदतवाढ म्हणतात ती हीच.)

सावंतवाडी, शिक्षक
आमच्याकडे टॅरो नवा, पण गोल पानं घरची. दशावतारी गंजिफा १२० पानांची, नवग्रहांची १०८. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. सहावीच्या मुलांना दाखवली तर एकाने विचारलं, "सर, शनीचा राजा आहे, वजीर आहे, मग हे दहा कोण?" मी म्हटलं, तूच सांग. स्नेहसंमेलनात 'शनीची दहा माणसं' हे नाटुकलं झालं. सगळी उशिरा येणारी.

रत्नागिरी, चित्रकार
मी टॅरोवाली नाही. मला जे मिळालं ते वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त. राशींची रूपं सांगताना तो कन्येसाठी मोजून चार शब्द खर्च करतो, 'ससस्यदहना प्लवगा च कन्या'. धान्य आणि अग्नी घेतलेली, नावेत बसलेली मुलगी. पाश्चात्त्य कन्येच्या हातात नुसतं कणीस असतं. आपली होडीत बसलीय, वर विस्तव घेऊन! लाकडाच्या होडीत विस्तव? दोन वर्षं हे डोक्यात होतं. दहा-बारा स्केचेस केली. मशाल दिली तर ती लढायला निघालेली दिसायची, समई दिली तर देवीच होऊन बसायची. सगळी फाडली.

मग एकदा सप्टेंबरात आते घरी आली होती. खाडीपलीकडे तिचं माहेर, म्हणजे आमचंच जुनं घर. बोलता बोलता म्हणाली, "काडेपेटी संपली की आम्ही शेजारून इस्तू आणायचो, करवंटीत." मी हातातला चहा ठेवला. करवंटी! नारळाच्या करवंटीत राखेवर ठेवलेला निखारा. आतेला विचारलं, होडीतून कधी आणलास? म्हणाली, एकदा, पूर आला होता तेव्हा, आणि सगळा वेळ फुंकर घालत होते, विझला असता तर आईने परत पाठवलं असतं.

तेच चित्र काढलं. भाताला नुकत्याच लोंब्या आलेल्या, दोन लोंब्या मुलीच्या मांडीवर, खाडीचं पाणी गढूळ, आणि तिचे गाल फुगलेले, फुंकर घालताना. कुंडलीचा, राशीचा काही मागमूस नाही त्यात. आतेने पाहिलं आणि म्हणाली, होडी एवढी मोठी नव्हती.

आमच्याकडे म्हणतात, 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा'. घाटावरची मैत्रीण सांगते, त्यांच्याकडे हेच चित्रा नक्षत्राबद्दल म्हणतात. कुत्रा दोन्हीकडे तृप्तच.

अमरावती
मुलांच्या मासिकासाठी पावसाच्या नक्षत्रांची वाहनं काढतो. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, बाकीवर वाहन. त्यामुळे मला हवा तो प्राणी कधीच मिळत नाही. एका वर्षी तीनदा गाढव आलं. तिसऱ्या गाढवाला छत्री दिली. तेच मुलांना आवडलं, पत्रं त्यालाच आली.

सोलापूर, गोधडी
आजी हादगा सोळा दिवस मांडायची. सूर्य हस्तात साडेतेरा दिवसच असतो म्हणे, पण आजीला कोण सांगणार? पाटावर हत्ती, आणि पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, सोळाव्याला सोळा. गाणी आता मला निम्मीच आठवतात. म्हणून गाण्याऐवजी तुकडे जोडायचं ठरवलं. २७ सप्टेंबरला एक, दुसऱ्या दिवशी दोन. नियम असा, की त्या दिवशी ज्या माणसाची आठवण येईल त्याच्याच कपड्याचा तुकडा घ्यायचा. पहिले चार दिवस मजा होती. दहाव्या दिवशी दहा माणसं आठवायची म्हणजे काय, हे बसल्यावर कळतं. बाराव्या दिवशी भांडलेली माणसं आली. चौदाव्याला एका रिक्षावाल्या काकांची आठवण झाली, ते शाळेत सोडायचे. त्यांचा कपडा कुठून आणणार, मग खाकी विकत आणली. सोळा दिवसांत एकूण १३६ तुकडे. मधोमध हत्ती, आजीच्या इरकलीच्या काठाचा.

(फोटो टाका ना! आम्ही सगळे थांबलोय.)

धुतलीय. चार दिवस झाले, वाळेना. चित्रा लागल्यात आणि ऊन नाही. वाळली की टाकते.