मदत हवी आहे : बर्लिनमध्ये पत्त्याच्या नोंदणीसाठी लागणारे पत्र मिळत नाही

नोकरीनिमित्त मी नुकतीच बर्लिनला आले असून एका घरात पोटभाडेकरू म्हणून राहते. येथे राहायला आल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचे, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ असे जीभ अडखळवणारे नाव असलेले पत्र लागते. मात्र ज्यांच्याकडून खोली घेतली, ते दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून विषय टाळतात. नोंदणीविना कर क्रमांक टपालाने येणार नाही, आणि तोवर पगारातून सहाव्या करवर्गानुसार, म्हणजे सर्वाधिक, कर कापला जाऊ शकतो. टपालपेटीवर माझे आडनाव मीच चिठ्ठीवर लिहून चिकटवले आहे, पण तेवढ्याने भागत नाही. हे पत्र देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे त्यांना न दुखावता कसे सांगावे, आणि पत्राविना नोंदणी कार्यालयात गेल्यास काही उपयोग होतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.