मदत हवी आहे: सी भाषेत लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) एकदाच फिरतो, अर्जंट!

धडपड्या: बेरजेचा प्रोग्रॅम आहे. शेवटी 'परत करायचंय? वाय/एन' विचारतो. प्रश्न छापून येतो, पण मी उत्तर द्यायच्या आतच प्रोग्रॅम संपतो. उद्या प्रॅक्टिकल आहे, लवकर सांगा.

जुना_खोड: कोड कुठाय? कम्पायलर कोणता? आम्ही काय ज्योतिषी आहोत का?

धडपड्या: अहो साधा डू-व्हाइल लूप आहे, अट शेवटी तपासणारा. लूप बरोबरच आहे.

निशाचर: पायथन भाषा शिका. सुटाल.

जुना_खोड: परीक्षा सीची आहे ना त्याची!

मधुरा_प: स्कॅनएफच्या, म्हणजे इनपुट वाचणाऱ्या, ओळी तरी टाका.

धडपड्या: आधी आकड्यांसाठी दोन %डी. मग अक्षरासाठी स्कॅनएफ("%सी", &उत्तर); कम्पायलर जुना टर्बो सी, डॉसबॉक्समध्ये (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर).

मधुरा_प: हं. आकड्यानंतर दाबलेलं एन्टर बफरमध्ये (टाइप केलेलं साठतं तिथे) पडून राहतं. %डी सुरुवातीची स्पेस, एन्टर वगैरे सोडून पुढे जातो, %सी जात नाही. त्याला तेच एन्टर मिळतं. ते 'वाय' नाही, म्हणून लूप संपला. %च्या आधी एक स्पेस द्या: " %सी".

कट्टाकर: एवढं कशाला? बफर रिकामा करायला वर एफफ्लश(एसटीडीइन) टाका. आमचा अख्खा वर्ग तेच लिहायचा.

जुना_खोड: इनपुटवर एफफ्लशने काय करावं हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओतही २०१५ पासून त्याचा उपयोग होत नाही.

कट्टाकर: एक्स्टर्नल परीक्षक टर्बोवरच तपासणार आहेत. मार्क घ्यायचेत की स्टँडर्ड पाठ करायचंय?

शून्य_परत: आकड्याच्या जागी अक्षर दाबलं तर लूप अनंत फिरतो. स्कॅनएफ किती किमती वाचल्या ते परत देतो, ते तपासा.

मधुरा_प: विचारलंय कोणी? शिवाय इथे नाही फिरणार, ते अक्षर %सी उचलेल. पण बेरीज भलतीच येईल, तेव्हा तपासा हे खरं.

धडपड्या: स्पेस चालली!!! कॅपिटल वाय पण चालावा म्हणून बदल केला, तर आता एन दाबलं तरी थांबेना.

जुना_खोड: व्हाइलची ओळ. आख्खी.

धडपड्या: व्हाइल(उत्तर == 'वाय' || 'कॅपिटल वाय');

जुना_खोड: ||च्या, म्हणजे 'किंवा'च्या, पुढेही 'उत्तर ==' लिहा. नुसतं अक्षर म्हणजे शून्य नसलेला आकडा, सी तो कायम खराच धरणार.

निशाचर: पायथनमध्ये पण अगदी हेच होतं.

जुना_खोड: मग सुटायचं कशातून होतं?

धडपड्या: झालं! आता क्लिअरस्क्रीनने बेरीज दिसायच्या आधीच पुसली जातेय. नवीन धागा काढू का?