‘हाराकिरी’ (१९६२): पहिला तास जबरदस्त, मग रडारड?

तिरकस:
दिग्दर्शक मासाकी कोबायाशीचा जपानी सिनेमा ‘हाराकिरी’ काल तिसऱ्यांदा पाहिला. (मूळ जपानी नाव ‘सेप्पुकु’. लिहायची चिन्हं तीच दोन, क्रम उलटा.) पुढे सगळी गोष्ट फोडतोय, पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

साल १६३०. एदोमधल्या (आजचं टोकियो) इई घराण्याच्या वाड्यावर त्सुगुमो हानशिरो नावाचा बेकार सामुराई येतो. म्हणतो, जगण्यात राम नाही, तुमच्या अंगणात पोट चिरू द्या. कारभारी त्याला आधीची हकिकत ऐकवतो: मोतोमे नावाचा पोरगा असाच आला होता, चार पैसे सुटतील या आशेनं. आम्ही त्याला खरंच चिरायला लावलं, तेही त्याच्याच बांबूच्या तलवारीनं. खरी पाती त्यानं केव्हाच विकलेली.

इथपर्यंत श्वास अडकतो. मग पूर्वकथा सुरू: मोतोमे हानशिरोचाच जावई. त्याची बायको रक्त ओकतेय, तान्हं पोर तापानं फणफणलंय, वैद्याला पैसे नाहीत. अरे, कशाला? बांबूची तलवार पुरेशी होती की! त्यात हानशिरोचं काम करणारा तात्सुया नाकादाई तेव्हा तिशीचाही नव्हता आणि झालाय आजोबा. जावई झालेला नट त्याच्याहून दोनेक वर्षांनीच लहान.

कोरांटी:
सहमत नाही. क्रम बघा ना. मोतोमे एक-दोन दिवसांची सवड मागतो, परत येईन म्हणतो, तेव्हा वाड्यातल्या लोकांसारखंच आपणही मनात म्हणतो, पळतोय लेकाचा. तो का मागत होता ते फार उशिरा कळतं. ते तापलेलं पोर दाखवलं नसतं, तर आपण कारभाऱ्याशेजारीच बसून राहिलो असतो.

वयाचं म्हणाल तर डोळे मिटून नाकादाईचा आवाज ऐका.

अर्धा कप चहा:
कारभाऱ्याची बाजूही कोणीतरी घ्या राव! बेकार सामुराई वाड्यांच्या दारात येऊन पोट चिरायची धमकी देतात आणि पैसे उकळतात. एका घराण्यानं अशाच एकाला चाकरीत ठेवलं, मग बाकीच्यांना वाटच सापडली. जरब बसवायला या कारभाऱ्यानं, सैतो कागेयूनं, एकाचा बळी दिला. क्रूर आहे, पण त्यामागे हिशेब आहे. त्या भूमिकेत रेंतारो मिकुनीनं काय काम केलंय! कोबायाशी मात्र कागेयूला जागाच ठेवत नाही. निकाल आधीच लिहून ठेवलेला खटला वाटतो.

तिरकस:
+१. आणि शेवटची मारामारी? अडीच तासांच्या आसपास सांगायचं की सामुराईची इभ्रत म्हणजे थोतांड, आणि मग एकट्यानं चार ठार, आठ घायाळ!

कोरांटी:
अडीच नाही, १३३ मिनिटं. :)

आणि खटल्यात नायकही आरोपी आहेच. जावयाच्या म्यानात बांबू निघतो तेव्हा हानशिरोला काय लागतं? पोरानं घरासाठी तलवारी विकल्या, मला ते सुचलंसुद्धा नाही, मी आपला या लोखंडाला कवटाळून बसलो. माझ्या मते सगळ्यात मोठा घाव तिथे बसतो, अंगणात नाही. मारामारीत जिंकतो म्हणता, पण त्याला संपवायला शेवटी बंदुका आणाव्या लागतात. ती कोणाची इभ्रत?

गावकूस:
या बाचाबाचीत शेंड्या विसरू नका! शेंडी गेली की सामुराईची अब्रू गेली. मोतोमेचा छळ करणाऱ्या तिघांच्या शेंड्या हानशिरोनं आधीच छाटलेल्या, आणि तिघेही ‘आजारी’ म्हणून घरी दडलेले. केस वाढेपर्यंत रजा. अंगणातल्या त्या गोष्टीला हसावं की रडावं कळत नाही.

कोबायाशी स्वतः युद्धात शिपाई होता, मांचुरियात. बढती नाकारली त्यानं. म्हणून असेल, पण शेवटी रक्त धुतात, पूर्वजांचं पोकळ चिलखत पुन्हा जोडून जागेवर मांडतात आणि मेलेल्यांची नोंद दफ्तरात ‘आजारानं मृत्यू’ अशी होते, ते त्यानं किती शांतपणे दाखवलंय. सरकारी खात्यात वीस वर्षं काढलीत मी, हात थरथरला नसणार त्या कारकुनाचा. वर संगीतकार ताकेमित्सूची बिवा (जपानी तंतुवाद्य). कान चित्रपट महोत्सवात १९६३ साली परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं ते काय उगाच?

तिरकस:
तलवारींचा मुद्दा मान्य, तो प्रसंग डोक्यातून निसटला होता. रक्त ओकणं अजूनही अमान्य. आणि पारितोषिकानं काही सिद्ध होत नाही.

अर्धा कप चहा:
बाहेर कत्तल चाललेली असताना कागेयू खोलीत एकटाच बसून आवाज ऐकतो, ते आत्ता आठवलं. म्हणजे जागा ठेवली होती तर थोडी. रविवारी पुन्हा बघतो, फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवून.